आईचा आजार फॉर्मवर लिहायचा का?

पत्राचा सारांश: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांची आई ७४ वर्षांची, अमेरिकेची नागरिक. मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी नेण्याआधी काही आठवडे नर्सिंग होममध्ये ठेवून चालण्याचा सराव करून घ्या, असं हॉस्पिटलचं म्हणणं आहे. घरात जिना आहे, ताई आणि त्यांचे यजमान दोघंही नोकरी करतात, त्यामुळे घरच्यांनाही ते पटलंय. अडलं ते एका फॉर्मपाशी. हॉस्पिटलातून पुढे पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या केस मॅनेजरनी विचारलं, "आईंना कधी मानसिक आजाराचं निदान झालं होतं का? रिस्पेरिडोन कशासाठी चालू आहे?" आईला तिशीत स्किझोफ्रेनिया झाला, पुण्यात उपचार झाले आणि आता कित्येक वर्षं त्या रोजच्या एका गोळीवर, याच रिस्पेरिडोनवर, ठीक आहेत. स्वयंपाक करतात, नातवंडं त्यांनीच सांभाळली, भजनी मंडळात जातात. आजार उफाळला तर आधी झोप उडते, मग "चहात काहीतरी घातलंय" म्हणून दुसऱ्याच्या हातचा चहा बंद होतो. हे घरात सगळ्यांना ठाऊक, बाहेर कुणालाच नाही. ताईंनी उत्तर दिलं, "गोळी झोपेसाठी आहे." पुण्याचा भाऊ रोज फोनवर बजावतो की खरं सांगितलंस तर आईला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, आणि आपल्या घरात लग्नाची मुलगी आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवलं, "डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) लिहा, कुणी काही विचारत नाही." ताईंचा बेत असा की फॉर्मवर 'नाही' लिहायचं, आणि तिथे गोळी बंद केलीच तर संध्याकाळी भेटायला जाऊन आपणच गुपचूप द्यायची. "मी आईचं वाईट करतेय का?" असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या हाताशी वेळ कमी आहे, म्हणून उत्तर आधी देते. आजार लिहा. गोळीचं खरं कारण उद्याच केस मॅनेजरना सांगा. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये सोशल वर्कर म्हणून मी बरीच वर्षं काम केलं, आणि हा फॉर्म पाहून घरच्यांचे चेहरे कसे उतरतात ते मला माहीत आहे. तुम्ही आईला जपायला म्हणून 'झोपेसाठी' म्हणालात. पण त्या एका शब्दाने आईचं जे नुकसान होऊ शकतं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते.

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. आपल्याकडे गल्लीतल्या लहान खासगी दवाखान्याला नर्सिंग होम म्हणतात. अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हणजे जिथे माणूस काही आठवडे किंवा कायमचा राहतो, चोवीस तास नर्स असते आणि सरकारचे कडक नियम लागू असतात अशी जागा. ताईंना जो फॉर्म दिला गेला त्याला तिथली मंडळी 'पासर' म्हणतात. पूर्ण नाव 'प्रीअ‍ॅडमिशन स्क्रीनिंग अँड रेसिडेंट रिव्ह्यू'. मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची) मान्यता असलेल्या कुठल्याही नर्सिंग होममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला तो लागतो, मग पैसे मेडिकेड देवो, मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठीचा सरकारी विमा) देवो, की तुम्ही खिशातून भरा. तेव्हा तो फक्त तुमच्या आईंच्या वाटेत आडवा आला असं मनातून काढून टाका. शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही तो भरावाच लागणार आहे.

तुमच्या दादांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पुण्यात वाढलेल्या आपल्या पिढीला "येरवड्याला पाठवीन" हा धाक ऐकून माहीत आहे, आणि तुमच्या आईंच्या तिशीत घरावर तेव्हा काय गुदरलं असेल ते तुम्हा भावंडांनी पाहिलंय. पण हा नियम का आला ते दादांना सांगा. अमेरिकेत १९६३ नंतर मोठाली सरकारी मनोरुग्णालयं रिकामी करायची मोहीम सुरू झाली. १९६५ मध्ये मेडिकेड आलं, आणि त्यात अशी तरतूद होती की ६५ वर्षांखालच्या माणसाच्या मनोरुग्णालयातल्या मुक्कामाचे पैसे केंद्र देणार नाही, नर्सिंग होमचे मात्र देईल. मग राज्यांनी काय केलं असेल? हजारो मनोरुग्ण उचलून नर्सिंग होममध्ये नेऊन ठेवले. तिथे ना मानसोपचारतज्ज्ञ, ना समुपदेशन. खाट, जेवण आणि गुंगीचं औषध, एवढ्यावर माणसं वर्षानुवर्षं पडून राहिली. १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेने नर्सिंग होमच्या एकूण दुर्दशेवर मोठा अहवाल दिला आणि १९८७ च्या डिसेंबरात नर्सिंग होम सुधारणांचा कायदा झाला. पासर त्या कायद्यातून आला. मानसिक आजार असलेल्या माणसाला कुणी नर्सिंग होममध्ये नुसतं टाकून देऊ नये, आणि ठेवलंच तर त्याच्या मनाच्या आजाराचीही काळजी तिथे घेतली जावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. दादांना ज्याची भीती वाटते, तेच होऊ नये म्हणून हा फॉर्म जन्माला आला.

आता तुमच्या प्रत्यक्ष परिस्थितीकडे येऊ. पासरच्या दोन पायऱ्या असतात. पहिली म्हणजे तुमच्यापुढे आलेला छोटा फॉर्म. गंभीर मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असण्याची शक्यता आहे का, एवढंच त्यात चाचपतात. शक्यता दिसली तर दुसरी पायरी, म्हणजे सविस्तर तपासणी. ती नर्सिंग होमचा माणूस करत नाही आणि मानसिक आजाराच्या बाबतीत राज्याच्या मानसिक आरोग्य खात्याचाही नसतो, तो स्वतंत्र असावा लागतो. त्याच्या अहवालावरून खातं ठरवतं की या व्यक्तीला नर्सिंग होमची गरज आहे का, आणि मानसिक आजारासाठी आणखी काही खास सेवा लागतील का.

तुम्ही 'हो' लिहिलंत की लगेच ही दुसरी पायरी सुरू होऊन आई हॉस्पिटलात अडकेल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. तसं होईलच असं नाही. हॉस्पिटलात उपचार घेऊन थेट येणाऱ्या माणसाला, त्याच दुखण्यासाठी नर्सिंग होम लागत असेल आणि डॉक्टरने 'मुक्काम ३० दिवसांपेक्षा कमी असेल' असं प्रवेशाआधी लेखी दिलं, तर सविस्तर तपासणीशिवाय जाता येतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर चालायला शिकण्यासाठी काही आठवडे, हे त्या सवलतीत बसण्यासारखं अगदी नेहमीचं प्रकरण आहे. केस मॅनेजरना नेमकं हेच विचारा: "आईंना 'एक्झम्टेड हॉस्पिटल डिस्चार्ज' लागू होतो का? सर्जन तसं लिहून देतील का?" मुक्काम लांबला आणि ३० दिवसांच्या पुढे गेला, तर नर्सिंग होमने राज्याला कळवायचं आणि प्रवेशापासून ४० दिवसांच्या आत ती तपासणी व्हायला हवी. म्हणजे त्या वेळी आई आपल्या खोलीत रुळलेल्या असतील.

आणि ती तपासणी आधीच करायची वेळ आली तरी घाबरून जाऊ नका. कायद्याच्या व्याख्येत निदानाचं नाव असून भागत नाही. गेल्या तीन ते सहा महिन्यांत त्या आजारामुळे रोजच्या जगण्यात मोठी अडचण आली का, आणि गेल्या दोन वर्षांत साध्या ओपीडीपेक्षा जास्त उपचार लागले का किंवा घडी विस्कटण्याइतका मोठा प्रसंग आला का, हेही पाहतात. तुमच्या आई स्वयंपाक करतात, भजनाला जातात, वर्षानुवर्षं एका गोळीवर आहेत. त्यांच्याबाबतीत 'आजार आहे, पण आटोक्यात आहे, नर्सिंग होममध्ये राहायला हरकत नाही' असा निकाल येण्याची शक्यता मला मोठी वाटते. मनोरुग्णालयाचा प्रश्न येतो तो आजार त्या क्षणी इतका उफाळलेला असेल की चोवीस तास तज्ज्ञांच्याच देखरेखीची गरज आहे, तेव्हा. वेळेचं म्हणाल तर या निर्णयांची राज्याची वार्षिक सरासरी कामाच्या ७ ते ९ दिवसांत बसावी असा नियम आहे. ते दिवस हॉस्पिटलात काढणं सुखाचं नसतं, हे मान्य.

यापुढचं मात्र नीट वाचा. तुम्हाला सर्वांत जास्त सांगायचंय ते गोळीबद्दल.

त्या ओळखीच्या गृहस्थांनी 'डिमेन्शिया' सुचवलं. पासरच्या नियमात मुख्य निदान डिमेन्शिया असेल तर मानसिक आजाराची दुसरी पायरी लागत नाही, हे खरं आहे. बहुधा तेवढंच त्यांच्या कानावर आलं असावं. पण पुढे काय होतं ते पाहा. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना रिस्पेरिडोनसारखी औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर छापायला लावला, आणि २००८ मध्ये जुन्या औषधांवरही. या औषधांचा वापर किती होतो यावर सरकार प्रत्येक नर्सिंग होमला गुण देतं. त्या मोजणीतून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळलेले आहेत, डिमेन्शियाचे नाहीत. शिवाय दर महिन्याला एक फार्मासिस्ट प्रत्येकाची औषधं तपासतो. कागदावर 'डिमेन्शिया' आणि औषधात रिस्पेरिडोन असं त्याने पाहिलं, की त्याचं कर्तव्यच आहे की डॉक्टरला लिहायचं: डोस कमी करत न्या, जमलं तर बंद करा. तो आपलं काम चोख करत असेल. आणि त्याच्या चोख कामामुळे तुमच्या आईंची इतक्या वर्षांची घडी विस्कटेल.

'झोपेसाठी' याचंही तेच. झोपेसाठी रिस्पेरिडोन हे कारण कुठलाही फार्मासिस्ट मान्य करणार नाही. तुम्ही आजार लपवायला जे कारण दिलंत, तेच कारण गोळी बंद व्हायला पुरेसं आहे. उलट कागदावर 'स्किझोफ्रेनिया, दीर्घकाळ स्थिर, या गोळीवर' असं स्वच्छ लिहिलेलं असलं, की डोस कमी करण्याचा विषय निघाला तरी डॉक्टरला सकारण लिहिता येतं की यांच्या बाबतीत हे करणं धोक्याचं आहे. मात्र हे निदान पुराव्यानिशी द्या. मोजणीतून सुटका व्हावी म्हणून काही नर्सिंग होम डिमेन्शियाच्या रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचं खोटं निदान चिकटवत होती, म्हणून २०२३ पासून सरकार अशा नोंदींची तपासणी करतं. पुण्याच्या डॉक्टरांचे जुने कागद, इथल्या डॉक्टरांच्या नोंदी, जे असेल ते काढून ठेवा. दादांना पुण्यात कपाट उघडायला लावा. या कामात त्यांची खरी मदत होईल.

गुपचूप गोळी देण्याचा बेत तर आजच सोडा. नर्सिंग होममध्ये कुठलंही औषध डॉक्टरच्या लेखी आदेशाने आणि नर्सच्या हातून दिलं जातं, त्याची नोंद होते. तिथे गोळी चालू राहिली आणि तुम्हीही एक दिलीत, तर डोस दुप्पट. या गोळीने उठताना रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते, आणि आईंचा खुबा आत्ताच जोडलाय. तिथे बंद केली आणि तुम्ही देत राहिलात, तर डॉक्टर त्यांना दुसरी औषधं देताना अंधारात असतील. बर्फ पडला, तुम्हाला फ्लू झाला, तर दोन-तीन संध्याकाळी गोळी नाही. आणि समजा आईंची झोप उडाली, त्यांनी चहा नाकारला. तुम्ही ओळखाल, पण कुणाला सांगणार? आणि काय म्हणून सांगणार?

हाड मोडून ऑपरेशन झालेल्या वृद्धांत आणखी एक गोष्ट फार वेळा होते. भूल, वेदनेची औषधं, लघवीचा जंतुसंसर्ग, नवी जागा, यांतून अचानक भ्रम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, रात्री उठून निघतो. त्याला डेलिरियम म्हणतात आणि त्याचं शारीरिक कारण शोधून उपचार केले तर बहुधा तो उतरतो. आईंना जुना आजार आहे हे माहीत नसलेली नर्स आजार उफाळला तरी 'डेलिरियम असेल' म्हणेल. आणि आजार माहीत आहे पण एरवी आई कशा असतात हे माहीत नाही, अशी नर्स खरा डेलिरियम आला तरी 'स्किझोफ्रेनियाच आहे' म्हणून लघवी तपासायची राहून जाईल. म्हणून निदानाच्या जोडीला आईंचं माणूस म्हणून वर्णनही तिथे पोचायला हवं. एका कागदावर साध्या इंग्रजीत लिहा: चांगल्या असताना आई दिवसभर काय करतात, किती झोपतात, कशावर हसतात, आजार येतोय याच्या पहिल्या दोन खुणा, झोप आणि चहा, शेवटचा मोठा त्रास कधी झाला, कुठल्या औषधाने बरं वाटलं आणि कुठलं सोसलं नाही, डॉक्टरांचा फोन. चहाची गोष्ट जरूर लिहा. हजार मैलांवरून आलेल्या तज्ज्ञालाही ती ठाऊक नसणार, आणि सकाळी ट्रे घेऊन येणाऱ्या मदतनीस बाईला मात्र ती सर्वांत आधी दिसेल.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते, कारण तुमच्या लांबलचक पत्रात तो कुठेच नाही. आईंना विचारलंत का?

तुम्ही, यजमान, दादा, ओळखीचे गृहस्थ, सगळ्यांची मतं पत्रात आहेत. जिचा आजार, जिची गोळी, जिला तिथे राहायचंय, तिचं काय म्हणणं आहे ते नाही. तुमच्या वर्णनावरून आई आपला निर्णय आपण घेऊ शकतात. इतकी वर्षं नियमाने गोळी घेणाऱ्या बाईला आपल्या आजाराची समज तुमच्यापेक्षा जास्त असेल, असंही मला वाटतं. कदाचित त्या लाजतील, "नको सांगू" म्हणतील. मग फार्मासिस्टची गोष्ट त्यांना सांगा: "आई, हे सांगितलं नाही तर तुझी गोळी बंद करतील." कदाचित त्या म्हणतील, "मग सांग की, त्यात काय!" पासरच्या नियमातही हेच आहे: तपासणीत त्या व्यक्तीचा स्वतःचा सहभाग हवा, आणि घरच्यांचा सहभाग तिची संमती असेल तर. हॉस्पिटलात आज संध्याकाळी खुर्ची ओढून बसा आणि विचारा. दादांना फोन त्यानंतर.

भाषेचं सांगायचं राहिलं. ही तपासणी व्यक्तीच्या भाषेला आणि संस्कृतीला धरून व्हायला हवी असं नियमात लिहिलेलं आहे, आणि दुभाषा विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. 'इंडियन' म्हटलं की बरेचदा हिंदी दुभाषा जोडून देतात. मराठी मागा. फोनवर किंवा व्हिडिओवर मराठी दुभाषे मिळतात, फक्त आधी सांगावं लागतं. तुम्ही स्वतः दुभाष्या होऊ नका. आई जे बोलतील त्याची धार तुम्ही नकळत बोथट कराल, आणि काही गोष्टी त्या तुमच्यासमोर बोलणारच नाहीत. शेजारी जरूर बसा, कारण काही जागा तुम्हालाच उलगडून सांगाव्या लागतील. आई म्हणाल्या की "नातवाला दृष्ट लागली होती, मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या" किंवा "देवीने कौल दिला", तर ते भजनी मंडळातली कुठलीही बाई म्हणेल असं वाक्य आहे. ते भ्रमाचं लक्षण म्हणून कागदावर चढू नये, हे पाहणारं कुणीतरी तिथे हवं.

खरं सांगण्याची काही किंमत पडणारच नाही, असं मी म्हणणार नाही. काही नर्सिंग होम निदान वाचून "जागा नाही" म्हणतात. मानसिक आजाराच्या निदानावरून नाकारणं १९७३ च्या रिहॅबिलिटेशन कायद्याच्या कलम ५०४ नुसार आणि १९९० च्या अपंगहक्क कायद्यानुसार भेदभाव ठरू शकतं, पण कारण कुणी तसं उघड लिहून देत नाही. म्हणून केस मॅनेजरना एकाच जागी न विचारता चार-पाच ठिकाणी एकदम कागद पाठवायला सांगा, आणि नकार आला तर कारण लेखी मागा. प्रत्येक राज्यात 'लाँग टर्म केअर ऑम्बड्समन' असतो. नर्सिंग होममधल्या माणसांची बाजू घेणं हेच त्याचं काम, आणि फी नसते. पासरचा निर्णय चुकीचा वाटला तर त्यावर अपील करून सुनावणी मागता येते. तपासणीच्या अहवालाची प्रत आईंना मिळायला हवी, ती मागून घ्या.

पैशांचं थोडक्यात, कारण तुमच्या पत्रात 'मेडिकेअर आहे' एवढंच आहे. मूळ मेडिकेअर असेल तर हॉस्पिटलात सलग किमान तीन दिवस 'इनपेशंट', म्हणजे रीतसर दाखल, म्हणून नोंद हवी. 'ऑब्झर्वेशन'चे, म्हणजे नुसत्या देखरेखीचे, दिवस त्यात धरत नाहीत, तेव्हा आजच विचारून घ्या. पहिले २० दिवस पूर्ण पैसे मेडिकेअर देतं, मग १०० व्या दिवसापर्यंत रोजचा हिस्सा तुमचा. खासगी कंपनीमार्फतची मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजना असेल तर तिचे नियम वेगळे आणि आधी मंजुरी लागते. प्रवेशाच्या कागदांत 'मुलगी स्वतः पैशांची हमी घेते' असं कलम दिसलं तर सही करू नका. तशी हमी ही प्रवेशाची अट करायला कायद्याने मनाई आहे.

महिन्यानंतरचाही विचार आत्ताच करून ठेवा. मुक्काम लांबला आणि तपासणीत असं निघालं की यांना नर्सिंग होमची गरज नाही, त्या घरी मदत मिळाली तर राहू शकतात, तर तो नकार समजू नका. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियातल्या लॉइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींच्या खटल्यात निकाल दिला, तो ओल्मस्टेड निकाल म्हणून ओळखला जातो. डॉक्टर म्हणत होते की या बाहेर राहू शकतात, तरी त्यांना संस्थेतच ठेवलं होतं. गरज नसताना माणसाला संस्थेत कोंडणं हा भेदभाव आहे, असं न्यायालयाने ठरवलं. आईंना घरी आणायचं तर न्यू जर्सीत मेडिकेडची एमएलटीएसएस नावाची योजना आहे. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र अशा सेवा त्यातून मिळू शकतात. एडिसन-इसेलिन भागात भारतीय जेवण देणारी दिवसाची केंद्रंही आहेत. आईंना भजनाची आवड आहे, त्यांना तिथे करमेल. जिन्याचं काय करायचं, खाली एखादी खोली होते का, हे यजमानांशी आत्ताच बोला.

महाराष्ट्रात आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम शोधणाऱ्या वाचकांना यातलं बरंचसं लागू नाही. आपल्याकडे बहुतेक वृद्धाश्रम प्रवेशाच्या वेळी डॉक्टरचं प्रमाणपत्र मागतात आणि तेवढ्यावर काम भागतं. पण गोळी लपवल्याने होणारं नुकसान तिथेही तेच आहे. व्यवस्थापकांना आजार, औषध आणि पहिल्या खुणा लेखी द्या. त्यांनी नाकारलं तर ती जागा तुमच्या माणसासाठी नव्हती हे आधी कळलं, एवढं समजा.

शेवटी दादा आणि लग्नाची मुलगी. अमेरिकेतल्या आरोग्यनोंदी १९९६ च्या 'हिपा' कायद्याने गोपनीय आहेत. नर्सिंग होमच्या फायलीतलं निदान पुण्यातल्या वधूवर मंडळात पोचत नाही, हे दादांना स्पष्ट सांगा. पण भाचीच्या लग्नाचा प्रश्न खरा आहे आणि तो फॉर्मच्या आधीपासून तुमच्या घरात आहे. तिला आजीच्या आजाराबद्दल माहीत आहे का? नसेल तर होणाऱ्या सासरच्यांपेक्षा आधी तिला ते घरच्यांच्या तोंडून कळायला हवं. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक होते ते दिवंगत डॉ. जगन्नाथ वाणी, त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो झाकला नाही. पुण्यात 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णांच्या घरच्यांचे मदत गट चालतात. दादा पुण्यातच आहेत. इतकी वर्षं आईचा आजार एकट्याने पोटात ठेवून त्यांचंही काही थोडं झिजलेलं नसेल. त्यांना एकदा तिथे जायला सांगा, आणि जमलं तर वहिनी आणि भाचीलाही सोबत न्यायला सांगा. तुम्ही मात्र उद्या सकाळी केस मॅनेजरकडे जाल तेव्हा एवढंच म्हणा: "त्या दिवशी मी गोळीबद्दल अपुरं सांगितलं. आईंना स्किझोफ्रेनिया आहे, तो पुष्कळ वर्षं आटोक्यात आहे, आणि हे त्यांनी स्वतः मला सांगायला सांगितलंय. त्यांच्याशी बोलायला मराठी दुभाषा लागेल."